ओटीत पडलेलं प्रवाळ

आमच्या घरात पन्नास वर्षं एक गोष्ट सांगितली गेली. कोकणच्या किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या बाईनं माझी ओटी भरली, नारळ-तांदळाबरोबर ओटीत समुद्रातलं प्रवाळ घातलं आणि सव्वा वर्षात मला मुलगा झाला. यातला मुलगा खरा आहे. तो आता अठ्ठेचाळीसचा आहे आणि त्याला रक्तदाबाची गोळी सुरू आहे. प्रवाळही खरं आहे. म्हातारी बाई तेवढी मी तयार केली.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. या समजाला आधार म्हणाल तर भूगोलाच्या पेपरात मिळालेले बरे मार्क. समुद्र मी फक्त नकाशात पाहिला होता, तोही शाळेतल्या फाटक्या. आमचे हे देवगाव रंगारीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मेच्या सुट्टीत शिक्षकांची सहल मालवणच्या बाजूला निघाली आणि नवी नवरी म्हणून मलाही नेलं. एसटीत दीड दिवस काढल्यावर समुद्र दिसला. एवढं पाणी आणि कुणी हंडा घेऊन उभं नाही, याचंच मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं.

यांनी सगळ्या बायकांना उभं करून ताकीद दिली. समुद्रातल्या कशालाही हात लावायचा नाही, काही जीव विषारी असतात. बाकीच्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. उतरायची सोय गावातल्या शाळेत होती. जेवणं झाली, मंडळी व्हरांड्यात आडवी झाली, आणि मी हात लावायला निघाले.

पाणी खूप मागं गेलं होतं. काळ्या खडकांच्या मधे एका खळग्यात थोडं उरलं होतं, आमच्या न्हाणीएवढं. तळाशी गुळाच्या रंगाचे गड्डे बसलेले, फुलकोबीसारखे. मी हात घातला तर पाणी चांगलंच गरम. मला वाटलं, झाड आहे. मग वाटलं, दगड आहे. दोन्ही असेल तर घरी न्यायलाच पाहिजे, असं ठरवलं. सासूबाईंनी प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून सुपारी आणि पितळी अडकित्ता दिला होता. त्या अडकित्त्याच्या मुठीनं मी दहा मिनिटं ठोकत बसले. मुठीएवढा तुकडा निघाला. परत येताना शेवाळावर घसरले आणि नवी पिवळी साडी गुडघ्यापासून टराटरा फाटली.

व्हरांड्यात हे उठून बसले होते.

“हे काय?”

आता नवऱ्याचं ऐकलं नाही म्हणून सांगायला काय झालं होतं? फार तर दोन दिवस बोलले नसते. पण माझ्या हुशारीला तेवढ्यात सुचलं. म्हटलं, “एका म्हाताऱ्या बाईनं ओटी भरली माझी. नाय कसं म्हणायचं?”

विज्ञानाच्या मास्तरला ओटीपुढं बोलता येत नाही. नारळ आणि तांदूळ कुठे गेले, हे त्यांनी विचारलं नाही. साडीचंही विचारलं नाही. माझा संसार पुढं पन्नास वर्षं टिकला, त्याचं एक कारण त्यांचा हा स्वभाव.

समुद्राच्याच पाण्यात बुडवून, फराळाच्या डब्यातून मी ते प्रवाळ घरी आणलं. ओटीची हकिकत ऐकल्याबरोबर सासूबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, देवघरात ताम्हणात ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं आणि आडाच्या पाण्यानं अभिषेक सुरू केला. रोज सकाळी एक तांब्या. समुद्रातल्या जिवाला गोड्या पाण्याची आंघोळ म्हणजे काय, हे आज मला माहीत आहे. तेव्हा मी शेजारी बसून घंटा वाजवत होते.

तिसऱ्या दिवशी वास सुटला.

वास म्हणजे असा तसा नाही. शेवटी भिंतीपलीकडच्या खाला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “बाई, तुम्हारे देवघर में मच्छी मरी क्या?”

“समुद्राचा देव हाय,” सासूबाई म्हणाल्या.

“देव है तो ठीक है,” खाला म्हणाल्या, “पण खिडकी तो खोलो.”

मी हळूच सुचवलं, की आत्याबाई, मागच्या पडवीत ठेवू या का? सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा घंटा हातात घेतली. ओटीत आलेली वस्तू बाहेर टाकत नसतात. “देव जागृत हाय,” त्या म्हणाल्या, “म्हणून वास येतो.” पंधरा दिवस आमच्या घरात आरती नाकाला पदर लावून झाली. यांनी पदर नसल्यामुळे हातरुमाल लावला. मग वास गेला, रंगही गेला, आणि ताम्हणात पांढराशुभ्र खडा उरला. सासूबाई म्हणाल्या, “शुद्ध झालं.”

पुढच्या वर्षी मुलगा झाला. आता तर बोलायची सोयच राहिली नाही. आजूबाजूच्या बायका प्रवाळाला हात लावायला येऊ लागल्या. त्यातल्या दोघींना मुलं झाली. एकीला झालं नाही, तिनं माझ्याशी बोलणं सोडलं. मला वाटतं, तेवढीच एक शहाणी होती.

सासूबाई गेल्यावर आम्ही शहरात राहायला आलो. नव्या घरात प्रवाळ देवघरातून दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आलं, प्लॅस्टिकच्या द्राक्षांशेजारी. माझी नात लहानपणी त्या काचेला नाक लावून उभी राहायची. दर सुट्टीत म्हातारीची गोष्ट सांग म्हणायची. मी सांगायची. दर वर्षी म्हातारी थोडी आणखी प्रेमळ होत गेली. शेवटी शेवटी तर ती मला जाताना चहा पाजत होती.

पोरगी मोठी झाल्यावर सागरी जीवशास्त्र शिकली. आमच्या नात्यात कुणाला कळेना, की ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं तिथल्या मुलीच्या डोक्यात समुद्र कुठून शिरला. मला कळत होतं.

गेली तीन वर्षं ती सिंधुदुर्गात एका प्रकल्पावर काम करते. तापलेल्या समुद्रात जिथलं प्रवाळ मेलं, तिथं पुन्हा वाढवायचं. पाण्याखाली लोखंडी टेबलं ठेवायची, त्यांवर जिवंत प्रवाळाचे बोटभर तुकडे बांधायचे, वाढले की खडकांवर नेऊन लावायचे. आपल्याकडे रोपवाटिकेत करतात तसंच, फक्त पाठीला हवेची टाकी बांधून.

“आजी, प्रवाळ म्हणजे बारके बारके प्राणी,” तिनं मला एकदा समजावलं होतं. “त्यांच्या अंगात शेवाळ राहतं. ते शेवाळच त्यांचा सैपाक करतं.”

“सैपाकीण ठेवलीय म्हण की.”

“व्हय. रंगही तिचाच. पण पाणी फार तापलं की ती सैपाकीण बिघडते, जेवणात विष कालवल्यासारखं करते. मग प्रवाळ तिला हाकलून देतं आणि पांढरं पडतं.”

“अन् मग?”

“मग उपाशी. लवकर पाणी निवलं तर ती परत येते. नाय निवलं तर मरतं.”

मला सासूबाईंचं ‘शुद्ध झालं’ आठवलं. मी विषय बदलला.

गेल्या वर्षीच्या मेमध्ये तिची टेबलं एकामागून एक पांढरी पडली. तिच्या सरांनी सांगितलं, आता एकच हंगाम. उन्हाळा सोसणारं प्रवाळ सापडलं आणि त्याचे तुकडे टेबलावर तगले, तर काम पुढं चालेल. नाही तर प्रकल्प बंद. आमच्या सुनेनं लगेच शहरातल्या एका कॉलेजात जागा निघतेय हे शोधून काढलं. घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. सुनेला आनंद झाला. मलाही झाला, हे मी लपवत नाही.

दिवाळीला नात आली आणि तिनं पहिल्यांदाच कपाट उघडून ते प्रवाळ हातात घेतलं. भिंगातून बराच वेळ पाहिलं. म्हणाली, “आजी, याची ठेवण उथळ पाण्यातल्यासारखी आहे. खडकातल्या डबक्यातलं असणार. ती म्हातारी कुठल्या गावची गं?”

“लई जुनी गोष्ट झाली. कशाला?”

“असली डबकी ओहोटीला सुटी पडतात, उन्हात तापतात. तिथं पिढ्यान्‌पिढ्या जगलेलं प्रवाळ असेल तर त्याला उन्हाळ्याची सवय असणार. मला तेच पाहिजे. आम्ही जवळची डबकी पाहिली, कुठं नाय. म्हातारीच्या घरच्यांना जागा ठाऊक असेल.”

“म्हातारी आता कुठली असायला!”

“तिच्या लेकी असतील. सुना असतील. मी शोधते.”

आणि शोधायला लागली. डिसेंबरपासून दर आठवड्याला फोन. आज या गावात जाऊन आले, आज त्या. गोष्टीत मी म्हातारीला कुठल्याशा लांबच्या गावाहून चालत आणलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी औरंगाबादच्या बाईची ओटी कुणी भरली होती, असं म्हाताऱ्या बायकांना विचारत फिरत होती. अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी महिन्यातून दोनदाच मिळायची, आणि त्या दिवसांत खडक पालथे घालायचे सोडून ही माझ्या म्हातारीच्या मागं. फेब्रुवारी संपायच्या आत तुकडे बांधले नाहीत तर उन्हाळ्याआधी ते धरणार नाहीत, हेही तिनंच सांगितलं होतं.

जानेवारीत फोन आला. “आजी, सापडली!”

मी चिवडा खात होते. मला ठसका लागला.

“ऐंशी वर्षांची आजी आहे. म्हणाली, मीच भरली ओटी, हिरवं लुगडं होतं त्या बाईचं.”

“हिरवं?”

“व्हय ना? तिनं तीन डबकी दाखवलीत. उद्या जाते.”

माझी साडी पिवळी होती, आणि आजची ऐंशीची आजी तेव्हा तिशीत असणार. खोटं बोलणारी मी एकटीच नाही, एवढंच समाधान. तिन्ही डबक्यांत काही निघालं नाही. ती ओहोटीही गेली.

आता मी इथं स्वतःविषयी बरं काही लिहू शकते, पण लिहीत नाही. मी आठ दिवस गप्प बसले. गप्प राहिलं तर प्रकल्प बंद होतो, पोरगी जूनमध्ये घरी येते, कॉलेजात लागते, दुपारी माझ्यासमोर बसून गरम भाकरी खाते. बाविसाव्या वर्षी मी घाबरून खोटं बोलले होते. बहात्तराव्या वर्षी मी शांतपणे, पाय पसरून, पंख्याखाली बसून खोटं राखत होते. त्या बावीस वर्षांच्या पोरीला मी इतकी वर्षं हसत आले, पण अक्कल तिच्यापेक्षा वाढली असं काही दिसलं नाही.

नवव्या दिवशी नातीचा फोन आला. आवाज बारीक. “आजी, तू सांगितलेलं सगळं मी लिहून काढलंय. तरी सापडत नाय. माझंच काहीतरी चुकतंय.”

हे मात्र मला झेपलं नाही. तिला म्हटलं, रविवारी अकराला सगळ्यांसमोर व्हिडिओवर ये.

रविवारी मी यांना, मुलाला, सुनेला समोर बसवलं. सुनेला वाटलं मी मृत्युपत्र वाचतेय, तिनं गॅस बंद केला. मी म्हटलं, “ती बाई नव्हती.”

“कोणत्या गावात नव्हती?” नात म्हणाली.

“कुठंच नव्हती. ओटी कुणी भरली नाय. मीच फोडून आणलं. आत्याबाईंच्या अडकित्त्यानं.”

आधी हे बोलले. “अन् साडी?”

“घसरले.”

“मी तीस वर्षं वर्गात पोरांना सांगितलंय,” हे म्हणाले, “की कोकणातली माणसं किती दिलदार. अनोळखी बाईची ओटी भरतात.”

“दिलदार असतीलच की ती. मी फक्त भेटले नाय.”

मुलगा इतका वेळ जमिनीकडे बघत होता. “आई, म्हणजे मग मी?”

“तू आपला नेहमीच्याच पद्धतीनं झालास, बाबा.”

सून उठून आत गेली. तिच्या खांद्यांवरून ती हसतेय की काय ते कळेना. फोनवर नातीचा चेहरा तसाच स्थिर होता. मला वाटलं, आता ही मला बोलेल, आणि बोलावंच. ती म्हणाली, “आजी, पाणी किती गरम होतं?”

“आपल्या गच्चीवरच्या टाकीचं मेमध्ये असतं ना दुपारी, तसं.”

“वेळ?”

“चारच्या पुढं. मंडळी घोरत होती.”

“रंग?”

“गुळाचा. जुन्या गुळाचा.”

“जागा दाखवशील?”

“माझे गुडघे…”

“तू फक्त ये. गुडघ्यांचं मी बघते.” मग म्हणाली, “डिसेंबरात सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.” एवढंच बोलली. आरडाओरडा केला असता तर मी सहज पचवला असता.

फेब्रुवारीच्या अमावास्येला आम्ही त्या सहलीच्या गावी पोचलो. मुलानं गाडी चालवली. वाटेत माझ्याशी तो फक्त वळणांविषयी बोलला. हेही आले. “या वेळी हिच्यावर नजर ठेवायला माणूस पाहिजे,” म्हणाले. नातीबरोबर काम करणारे एक नाववाले दादा होते, ते माझा कोपर धरून खडकांवर चालवायचे.

मी सांगितलं होतं, डबक्याशेजारी म्हशीसारखा खडक आहे. पहिल्या दिवशी कळलं, की त्या किनाऱ्यावर कुठलाही काळा खडक मला म्हशीसारखा दिसतो. आम्ही अकरा म्हशी पाहिल्या. दुसऱ्या दिवशी आणखी. शेवटी दादा अदबीनं म्हणाले, “आजी, म्हशीशिवाय आणखी काय आठवता?”

“काय नाय आठवत.”

“तू बसून ठोकत होतीस ना?” नात म्हणाली. “तोंड कुठं होतं?”

तेव्हा मला आठवलं. तोंड शाळेकडे होतं. हे उठले का ते मी सारखी उभी राहून बघत होते. म्हणजे जागा अशी, की उभं राहिलं तर व्हरांडा दिसायचा आणि बसलं की व्हरांड्यातून मी दिसायची नाही. चोरी करताना मी समुद्राकडे नाही, नवऱ्याकडे लक्ष ठेवलं होतं.

शाळा तिथंच होती, रंग नवा. तिसऱ्या दिवशी, म्हणजे मोठ्या ओहोटीच्या शेवटच्या दिवशी, हेडमास्तरांना विचारून यांना व्हरांड्यात खुर्ची टाकून दिली. हातात फोन. आम्ही खडकांच्या रांगेतून सरकत होतो आणि दर दहा पावलांवर मी खाली बसत होते. बसणं सोपं होतं. उठवायला दोन माणसं लागत होती.

“दिसतीय,” फोनमधून हे. आम्ही पुढं.

“दिसतीय. पदर सावर, वारा आहे.” पुढं.

“अर्धी दिसतीय.”

“अर्धी म्हणजे किती, आजोबा?” नात ओरडली.

“डोकं. खांदे नाय.”

डावीकडे पाच-सहा पावलं. मी बसले.

“आता नाय दिसत.” मग जरा वेळानं, “हॅलो? खरंच नाय दिसत. पडली का काय?”

मी पडले नव्हते. माझ्या पायाशी खळगा होता, आमच्या जुन्या न्हाणीएवढा. दादा म्हणाले, “पाय घसरतलो हां,” पण नात आधीच खडकावर पालथी पडली होती, तोंडावर काच लावून, डोकं पाण्यात. ती बराच वेळ वर आली नाही. आली तेव्हा तिनं थर्मामीटर मागितला. तो पाण्यात धरला, पाहिला, पुन्हा धरला. फेब्रुवारीतच ते पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा चांगलंच तापलं होतं. तळाशी गुळाच्या रंगाचे गड्डे बसलेले. मी फोडलेली जागा कुठं दिसते का, ते मी वाकून पाहिलं. दिसली नाही.

“भरून आली असेल,” नात म्हणाली. “नाय तर डबकं हे नसेल, याच्या शेजारचं असेल.”

“हेच आहे.”

“तुझ्या बोलण्यावर मी जरा जपूनच विश्वास ठेवणार आहे,” ती म्हणाली आणि पुन्हा पाण्यात डोकं घातलं.

तुकडे काढायची परवानगी तिच्याकडे होती. आता प्रवाळ उचलणं गुन्हा आहे. तिनं मला तो कागद दाखवला, त्यावर किती तुकडे, कोणत्या किनाऱ्यावरून, किती लांबीचे, सगळं लिहिलेलं. पत्रव्यवहाराला सहा महिने लागले होते. “आणि तू अडकित्ता घेऊन गेलीस,” ती म्हणाली. छिन्नीनं तिनं प्रत्येक गड्ड्याच्या कडेचा बोटभर तुकडा काढला, मध्याला हात लावला नाही. पाणी चढायच्या आत आम्ही निघालो. चार दिवसांनी ते तुकडे तिच्या टेबलांवर बांधले गेले.

मग मे आला. आमच्याकडे गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि नळाचं पाणी दहा दिवसांवर गेलं. कॉलेजातल्या जागेचा अर्ज सुनेनं भरून ठेवला होता, फक्त सही बाकी. मी रोज फोन करायची नाही, पण फोन जवळ ठेवायची. समुद्र तापलाय, एवढं ती सांगायची. नंतर जुनी टेबलं पांढरी पडायला लागली. नव्या टेबलाविषयी ती काही बोलेना, मी विचारेना.

मेच्या शेवटी दुपारी फोन आला. मी एकटीच जागी होते.

“आजी, डबक्यातल्या तुकड्यांचं टेबल.”

“हं.”

“काही तुकडे मेले. काही फिके पडले. पण अर्ध्याहून जास्त अजून गुळाचे आहेत.”

गुळाचे हा शब्द माझाच. तिनं तो वहीत तसाच लिहिला असेल का, कुणास ठाऊक.

“म्हणजे जमलं?”

“एका उन्हाळ्यावरनं जमलं म्हणता येत नाय. पुढचा उन्हाळा बघायचा, त्याच्या पुढचा बघायचा. पण सर म्हणाले, काम सुरू ठेवा.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं तरी.”

कॉलेजचा अर्ज टेबलावर होता, पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चष्म्याची डबी ठेवलेली. मी डबी काढून घेतली.

“आजी? नाराज झालीस?”

“नाय.”

“खरं सांग.”

“झाले,” मी म्हटलं. “लई झाले.”

ती हसली नाही आणि समजूतही घातली नाही. “बरं,” म्हणाली. तिकडून समुद्राचा आवाज येत होता, इकडून पंख्याचा. ओहोटीची वेळ झाली तेव्हा तिनं फोन ठेवला.